पाचपैकी दीड

कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतातल्या ब्लॅडवर्थ या खेड्यात १९२६ साली शाळकरी पोरांनी एक खेळ काढला. रोनाल्ड गिब्सन आणि त्याचे सवंगडी पत्र्याच्या डब्यांची झाकणं जमवत, शाळेच्या मैदानात वाळूवर चार-चार फुटांची रिंगणं आखत आणि एका रिंगणातून दुसऱ्यात झाकण फेकत पुढे सरकत. कमीत कमी फेकींत फेरी पुरी करेल तो जिंकला. खेळाला त्यांनी नाव दिलं ‘टिन लिड गोल्फ’. पोरं मोठी झाली, पांगली आणि खेळ तिथेच थांबला. आज त्या गावात शंभरसुद्धा माणसं राहत नाहीत. तरीही डिस्क गोल्फचा इतिहास सांगायला बसलेल्या माणसाला ब्लॅडवर्थला वळसा घालता येत नाही. या खेळाच्या सगळ्यात जुन्या ज्ञात मैदानांपैकी एक असं लहान, आडबाजूचं आणि फुकटचं होतं.

मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिने राहायला अमेरिकेत गेलेल्या लातूर-नांदेडकडच्या बऱ्याच आईवडिलांनी असं मैदान पाहिलेलं असतं, फक्त ते मैदान आहे हे त्यांना कळलेलं नसतं. सकाळी पार्कात चालायला जावं तर झाडांच्या मधेच एक लोखंडी खांब दिसतो. खांबाच्या माथ्यावरून साखळ्या लोंबत असतात आणि साखळ्यांखाली कमरेच्या उंचीला जाळीची गोल टोपली. थोडं पुढे तसाच आणखी एक खांब. तेवढ्यात खांद्याला पिशवी अडकवलेली दोन माणसं येतात, ताटलीएवढी प्लास्टिकची चकती जोरात फेकतात, साखळ्या खळकन वाजतात, आणि ती दोघं चकती उचलून पुढच्या खांबाकडे निघून जातात.

डिस्क गोल्फचे नियम गोल्फचेच, फक्त काठी आणि चेंडूच्या जागी हात आणि चकती. ठरलेल्या जागेवरून, म्हणजे ‘टी’वरून, पहिली फेक करायची. चकती जिथे पडेल तिथून दुसरी. टोपलीत पडेपर्यंत जितक्या फेकी झाल्या तितके गुण, आणि कमी गुणांचा खेळाडू पुढे. बहुतेक टोपल्यांना तीन फेकींचा हिशेब, म्हणजे ‘पार’, धरलेला असतो. टोपलीपासून दहा मीटरच्या आत आल्यावर फेकल्यानंतर तोल जाऊन पाऊल पुढे पडलं तर दंड. चकती हद्दीबाहेर गेली तरी एका फेकीचा दंड. घरातल्या सगळ्यात लहान मुलाला हा खेळ पाच मिनिटांत समजतो. हाताला मात्र तो दहा वर्षांतही पुरता बसत नाही.

आजचं रूप त्याला दिलं एड हेड्रिक यांनी. फ्रिस्बी विकणाऱ्या व्हॅम-ओ या कंपनीत ते काम करत. कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये १९७५ साली त्यांनी पहिलं कायमचं मैदान आखलं. तेव्हा टोपल्या नव्हत्या, नुसते खांब होते, आणि चकती खांबाला लागली की नाही यावर वाद व्हायचे. वाद मिटवायला साखळ्यांची टोपली आली. तिचं पेटंट १९७७ चं. त्याआधी १९७६ मध्ये हेड्रिक यांनी व्यावसायिक डिस्क गोल्फ संघटना काढली आणि पहिला सदस्य क्रमांक स्वतःकडे ठेवला. २००२ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा प्लास्टिकमध्ये मिसळून त्याच्या चकत्या बनवल्या गेल्या. गोदावरीत रक्षा सोडणाऱ्या आपल्या लोकांना हे ऐकून काय वाटेल ते वाटो, माणूस आपल्या कामात विरघळला तो असा.

आज जगात या खेळाची पंधरा हजारांहून अधिक मैदानं आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना प्रवेशशुल्क नाही. फिनलंडची लोकसंख्या ५६ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या बेरजेहूनही कमी, पण तिथे हजारांच्या वर मैदानं आहेत. चार लाखांच्या आत वस्ती असलेल्या आइसलँडमध्ये सत्तरच्या वर. हे आकडे ऐकले की डोळ्यांपुढे भव्य क्रीडासंकुलं येतात. प्रत्यक्षात यांतली कितीतरी मैदानं म्हणजे शाळेमागची किंवा चर्चच्या आवारातली नऊ टोपल्यांची फेरी, नाहीतर एखाद्या शेतकऱ्याने आपल्या पडीक तुकड्यात लावलेले खांब. अमेरिकेत स्काउटमधली मुलं शेवटचा, सर्वांत वरचा बिल्ला मिळवण्यासाठी गावाच्या उपयोगाचं काम करून दाखवतात. त्या कामातूनही अशी मैदानं उभी राहिली आहेत.

या लहान मैदानांची खबर लोकांपर्यंत पोहोचते ती परीक्षणांमधून. डिस्क गोल्फ खेळणाऱ्यांत एक जमात अशी असते की जिला जिंकण्यापेक्षा नवं मैदान पाहण्याची हौस जास्त. कामानिमित्त दोनशे मैल गाडी हाकताना हे लोक वाटेतल्या प्रत्येक गावात कुठे टोपल्या आहेत का ते आधी शोधून ठेवतात. खेळून झालं की टिपण लिहितात: चांगलं काय, वाईट काय, इतर काय. आणि शेवटी पाचपैकी गुण. या गुणांपाशीच सगळी गोम आहे.

मॅसॅच्युसेट्समधल्या लेस्टर गावी मेपल हिल नावाचं मैदान आहे. नाताळची झाडं पिकवणाऱ्या मळ्यात ते आखलेलं, मधे तळी, मोठ्या स्पर्धा तिथे होतात. जगातल्या उत्तम मैदानांच्या याद्यांत त्याचा क्रमांक नेहमी वर असतो. तिथे जाणारा माणूस ठरवून, वाट वाकडी करून, पैसे भरून गेलेला असतो, म्हणजे मैदान आवडून घ्यायच्या तयारीनेच गेलेला असतो. शाळेमागच्या नऊ टोपल्यांकडे मात्र दोनच प्रकारचे लोक येतात. एक, गावातलं पोरगं, ज्याने जन्मात दुसरं मैदान पाहिलेलं नाही. ते पाचपैकी पाच देतं. दुसरा, शेकडो मैदानं पालथी घातलेला वाटसरू. त्याची एक फेक शंभर मीटरच्या पुढे जाते आणि इथली सगळ्यात लांब टोपली साठ मीटरवर. तो दीड देऊन मोकळा होतो. दोघांची सरासरी सव्वातीन. या सव्वातीनमध्ये ना त्या पोराचा आनंद आहे, ना वाटसरूची निराशा, ना मैदान.

म्हणून मुरलेले परीक्षणकार गुणांपेक्षा टिपणाला जपतात. त्यांची टिपणं वाचली तर लक्षात येतं की सौंदर्याचं वर्णन त्यांत फार थोडं असतं. टी काँक्रीटचा आहे, रबरी चटईचा आहे की नुसती माती? मातीचा असेल तर पावसात पाय घसरतो, आणि या खेळात फेकताना सगळं अंग पायावर फिरत असल्यामुळे घोटा मुरगळायची भीती खरी असते. साखळ्या पुऱ्या आहेत की मधल्या दोन-चार गळाल्यात? विरळ साखळ्यांतून चकती आरपार जाते आणि नेम बरोबर असूनही फेक वाया जाते. पाटी आहे का, पाटीवर अंतर लिहिलंय का? तिसरी टोपली झाली, आता चौथीचा टी कुठे? लहान मैदानाबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार हीच असते, कारण ज्याने मैदान आखलं त्याला वाट पाठ असते आणि पाहुण्यालाही ती ठाऊक असणार असं तो धरून चालतो. मग पाहुणा हातात चकती घेऊन झुडपांत चौथीचा टी शोधत फिरतो आणि फिरून तिसरीपाशीच येतो.

त्यानंतरचा प्रश्न सुरक्षेचा. चकती दीडशे ते पावणेदोनशे ग्रॅम वजनाची, कडक कडेची असते. मुलांच्या झोपाळ्याशेजारून किंवा चालण्याच्या वाटेवरून फेक जात असेल तर परीक्षणकार ते सगळ्यात वर लिहितो. मैदान कितीही देखणं असलं तरी यात सवलत नाही, आणि नसावीच.

मग खेळाची बाजू. उजव्या हाताने, छातीसमोरून हात झटकून फेकलेली चकती वेग मंदावला की शेवटी डावीकडे कलते. हा तिचा स्वभाव. चकत्या बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या चकतीवर चार आकडे छापतात: वेग किती, हवेत किती तरंगते, सुरुवातीला किती उजवीकडे झुकते आणि अखेरीला किती डावीकडे पडते. १९८३ साली अमेरिकेतल्या इनोव्हा कंपनीने धारेसारखी उतरती कड असलेली चकती आणली, तिथून या सगळ्याला वेग आला. आता एखाद्या मैदानावर नऊच्या नऊ टोपल्या डावीकडे वळून येत असतील तर उजव्या हाताच्या खेळाडूला एकच फेक नऊ वेळा करावी लागते. बारकाईने पाहणारा परीक्षणकार हे हेरतो. उलट केवळ पंचेचाळीस मीटरवर, पण उजवीकडे वळसा घालायला लावणारं एकच जुनं झाड मधे उभं असेल, तर तेवढ्या एका टोपलीसाठी तो अख्ख्या मैदानाची शिफारस करतो. लहान मैदानावरचं परीक्षण इथे कसाला लागतं. अठरा टोपल्यांच्या नामांकित मैदानाबद्दल कुणीही चार पानं लिहील. शाळेमागच्या सपाट गवताबद्दल खरं आणि उपयोगाचं असं सात ओळींत लिहायला नजर लागते.

‘मुद्दाम येऊ नका, पण या रस्त्याने जात असाल तर अर्धा तास थांबा,’ अशा अर्थाचं वाक्य अशा टिपणांत वारंवार येतं. ते तुच्छतेने लिहिलेलं नसतं. आपला वेळ आणि पेट्रोल कुठे खर्च करावं एवढं वाचणाऱ्याला कळावं, ही त्यामागची साधी गरज. पण त्याच टिपणात आणखी एक वाक्य असायला हवं, आणि चांगला लिहिणारा ते विसरत नाही: हे मैदान कुणासाठी आहे? सातवीच्या वर्गाला खेळाच्या तासाला फेकायला शिकवावं म्हणून शिक्षकाने लावलेल्या टोपल्यांना ‘अंतर कमी’ म्हणून नापास करणं म्हणजे अंकलिपीत कादंबरीचा रस नाही म्हणून कुरकुरणं.

हे आपल्याकडे नवीन नाही, फक्त आपल्याकडचं मैदान वेगळं. महाराष्ट्रात जागा पाहून, तपासून, मागून येणाऱ्यासाठी नोंद करून ठेवण्याची परंपरा किल्ल्यांच्या भटकंतीत घडली. गो. नी. दांडेकरांनी दुर्गांवर ललित अंगाने लिहिलं. प्र. के. घाणेकरांच्या ‘साद सह्याद्रीची, भटकंती किल्ल्यांची’ या पुस्तकाने कितीतरी पोरांना वाटा दाखवल्या. वाट कुठून, चढायला वेळ किती, टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे का, मुक्कामाला देऊळ आहे का, हे लिहून ठेवणारी माणसं आणि तिसऱ्या टोपलीनंतर उजवीकडे वळा म्हणून सांगणारी माणसं एकाच जातकुळीची.

मोजपट्टीची चूकही दोन्हीकडे सारखीच. सह्याद्रीत पाय तयार झालेला भटका किल्ला जोखतो तो चढाईवर. त्या हिशेबाने मराठवाड्याचे भुईकोट उणे ठरतात. नांदेड जिल्ह्यातला कंधारचा किल्ला सपाटीवर, त्याला चढायचं कुठे? पण त्याच्याभोवतीचा खंदक, राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा गावचा इतिहास आणि त्याच काळाची आठवण सांगणारा जगत्तुंग सागर तलाव यांना ‘चढाई सोपी’ या रकान्यात जागा नाही. उदगीरचं तेच. १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं त्या लढाईमुळे नाव सगळ्यांना ठाऊक, २०२२ मध्ये पंच्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही तिथेच भरलं, पण आठवड्याची सुट्टी काढून उदगीरचा किल्ला पाहायला निघालेला पुण्या-मुंबईचा गडी विरळाच. भुईकोट पाहायचा तर चढ नव्हे, तट, खंदक, दरवाजे आणि पाण्याची व्यवस्था पाहायची असते. रकाने बदलले की गुण आपोआप बदलतात.

अशीच नजरेतून सुटणारी जागा म्हणजे उदगीरच्या पुढे नांदेडच्या हद्दीला लागून असलेलं जळकोट. (तुळजापूरकडच्या जळकोटशी याची गल्लत होते, ती इथल्या लोकांच्या अंगवळणी पडली आहे.) बालाघाटाच्या पठाराचा हा टोकाकडचा भाग: कुठे काळी जमीन, कुठे मुरमाड माळ, मधे खडक. तालुक्याचं असलं तरी लहानसं गाव. अमेरिकेतल्या ज्या गावांत नऊ टोपल्यांची मैदानं असतात, ती गावं बहुतेक अशीच. कॅन्सस राज्यातलं एम्पोरिया त्यांतलंच: आजूबाजूला गवताळ सपाटी, वस्ती चोवीस-पंचवीस हजारांची. तिथे चकत्यांच्या एका कंपनीने मूळ धरलं, पार्कातल्या टोपल्यांवर गावाने जीव लावला आणि २०१६ आणि २०२२ अशा दोन वेळा व्यावसायिक खेळाडूंची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा तिथे भरली. जळकोटचं एम्पोरिया होईल असं म्हणण्यात अर्थ नाही. पण माळावर नऊ खांब उभे राहायला काय लागतं, याचा हिशेब मांडायला हरकत नाही.

पहिला हिशेब पाण्याचा. साध्या गोल्फच्या अठरा खड्ड्यांना साधारणपणे शंभराहून अधिक एकर जमीन आणि हिरवळ जगवायला रोज लाखो लिटर पाणी लागतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाण्याची रेल्वे आली तेव्हा तिच्यात पाच लाख लिटर पाणी होतं आणि ते शहराने जपून वाटून घेतलं. अशा मुलखात गोल्फचं नाव काढणंही बरं नव्हे. डिस्क गोल्फला हिरवळ लागत नाही. चकती हवेतून जाते, खाली दगड असला काय आणि वाळलेलं गवत असलं काय. एका टोपलीमागे ढोबळमानाने एक एकर धरतात, मुलांच्या मैदानाला त्याहून कमी चालतं, आणि तीच जमीन दुपारी गुरांना चरायला मोकळी राहते. खर्च लोखंडाचा. टोपली तयारच आणली पाहिजे असं नाही. जुना ट्रॅक्टरचा टायर खांबाला टांगला तरी नेम धरायला पुरतो, आणि उदगीरच्या वेल्डिंगवाल्याला चित्र दाखवलं तर साखळ्यांसकट टोपली तो सहज जोडून देईल.

आता अशा मैदानावर परीक्षणकार आला तर त्याच्या वहीत काय उतरेल? पहिली ओळ वाऱ्याची. झाडं तुरळक, माळ उघडा, म्हणजे अंतर कमी असलं तरी वारा ते भरून काढणार. समोरून वारा आला तर हलकी चकती वर उचलली जाऊन भरकटते. बाजारात पोरांसाठी मिळणारी पातळ फ्रिस्बी इथे उपयोगाची नाही, वजनदार चकतीच हवी. दुसरी ओळ जमिनीची. मुरमावर चकती कडेवर उभी पडली की चाकासारखी घरंगळत उताराला जाते, तेव्हा टोपलीमागे उतार कुठे आहे हे आधी पाहून घ्यावं. काळ्या जमिनीवर टी करायचा तर खाली मुरूम दाबून वर फरशी घालावी, नाहीतर एका पावसात चपलेला दोन-दोन किलो चिखल चिकटतो. झाडांत बाभूळ आणि बोर. फांदीत अडकलेली चकती काढायला हात घालणाऱ्याने विचार करून घालावा. वाटेवर सराटे. बूट घालून येणं बरं.

हद्दीबाहेरची रेषा मात्र अमेरिकेतल्यासारखी चुन्याने आखायची गरजच नाही. बांध आहेच. बांधापलीकडे तूर किंवा सोयाबीन उभं असेल तर दंडाच्या एका फेकीवर भागणार नाही, रानमालकाला आधी हाक मारावी लागेल. चकतीच्या मागे मार्करने नाव आणि फोन नंबर लिहिण्याची रीत या खेळात सगळीकडे आहे. ज्याला सापडते तो फोन करतो, ज्याची हरवली तो घेऊन जातो. इथे तिचा उपयोग जास्तच होईल, कारण तुरीत हरवलेली चकती तूर काढल्यावरच सापडणार.

टिपणावर तारीख आणि महिना न विसरता घालावा लागेल. जूनच्या पहिल्या पावसानंतर हे मैदान चिखलाचं असेल. ऑक्टोबरात गुडघाभर गवत आणि पँटला लागणारी कुसळं. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या सकाळी ते उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत सकाळी आठनंतर तिथे नऊ टोपल्या पुऱ्या करणं कठीण, कारण सावलीला बसावं असं झाड दुसऱ्या आणि सातव्या टोपलीपाशीच, अशी काहीतरी स्थिती असणार. तेव्हा परीक्षणकाराने गुण द्यायचे झाले तर कोणत्या महिन्यातल्या मैदानाला दिले तेही लिहावं.